भोपळ्याचे दुधाचे दात

माझ्या नवऱ्याच्या मावशीच्या मते जगात वाईट माणूस नावाचा प्रकारच नाही. झोप न झालेली माणसं असतात, जेवण राहिलेली माणसं असतात आणि दात येत असलेली माणसं असतात. सत्तरी ओलांडली तरी चौथा प्रकार तिच्या पाहण्यात आलेला नाही. विलेपार्ल्याला तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत तिने आयुष्यभर पाळणाघर चालवलं. लग्न केलं नाही; का म्हणून विचारलं तर "दुपारी सगळी पोरं झोपवेपर्यंत चार वाजायचे, लग्न करू कधी?" असं सरळ सांगते. त्यामुळे समोर दीड वर्षाचं पोर असो की बँकेचा मॅनेजर, तिची तपासणी एकाच क्रमाने चालते. एकदा अंधेरीला एक रिक्षावाला आमच्यावर असा खेकसला की मी बाह्या सरसावल्या. मावशीने त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "खाना खाया क्या तूने?" तो जरा गडबडला. "सुबह से टाइम नहीं मिला," म्हणाला. मावशीने पिशवीतून थालीपीठ काढून त्याच्या हातावर ठेवलं, तो खाईपर्यंत आम्ही मागे गुपचूप बसून राहिलो, आणि मग त्याने आम्हाला पार्ल्याला अगदी दारात नेऊन सोडलं. तिच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये भर दुपारी मारामारीची वेळ आली, तेव्हा हिने उठून पडदे ओढले, ट्यूबलाइट बंद केली आणि जाहीर केलं, "एकाचीही झोप झालेली नाही. आता कुणी कशावर सह्या करायच्या नाहीत. पाच वाजता या." माणसं खरंच घरी जाऊन झोपली आणि पाचला येऊन माणसांसारखी बोलली.

लग्नानंतर मी तिला "अहो मावशी" म्हणाले, तर "अहो काय, मी काय तुझी हेडमास्तरीण आहे?" म्हणून पहिल्याच दिवशी तिने मला अगंवर आणलं. तिचा आवाज हा एक वेगळाच विषय आहे. आपण चिडलो की आवाज चढतो, तिचा उतरतो. घरात आग लागली तर ती बहुधा कानात येऊन सांगेल. समोरच्याला ऐकण्यासाठी गप्प बसावंच लागतं, आणि गप्प बसला की तो तिच्या तावडीत सापडला. शिवाय "नाही" हा शब्द ती वापरत नाही. पोराच्या हातातली कात्री काढायची तर त्याच क्षणी त्या हातात दुसरं काहीतरी आलं पाहिजे, हा तिचा नियम. माझा नवरा पन्नाशीला आला, मोठ्या कंपनीत बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर बसतो. पण मावशी आली की त्याच्या हातातला टीव्हीचा रिमोट कधी गेला आणि मटाराच्या शेंगा कधी आल्या हे त्याला कळत नाही. अर्धा किलो मटार सोलून झाल्यावर तो इकडेतिकडे बघत विचारतो, "मॅच कोणी बंद केली रे?" मावशी त्याला अजून बंड्या म्हणते, आणि मटार सोलताना तो दिसतोही बंड्याच.

तर आमच्याकडे भोपळ्या आला. मला चौथीत असल्यापासून कुत्रा हवा होता. आईबाबांनी परीक्षेनंतर म्हटलं, मग दहावीनंतर म्हटलं, मग तुझ्या घरी गेलीस की पाळ म्हटलं, आणि माझ्या घरी आल्यावर नवऱ्याने मोठं घर झालं की बघू म्हटलं. नाहूरला दोन बेडरूमचं घर झालं आणि मी कुणाला न विचारता पिल्लू घेऊन आले. त्याची आई खानदानी लॅब्रेडोर आणि वडील नाहूर स्टेशनबाहेरचे. पोट एवढं गोल की दुसरं नावच सुचलं नाही. आठवड्याभरात भोपळ्याने टीपॉयचा एक पाय, सोफ्याचे दोन कोपरे, माझ्या पर्सचा पट्टा आणि किचन ट्रॉलीच्या प्लायची कड एवढं खाल्लं. आठव्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं म्हणून लाकडाला कडुनिंबाचा रस चोपडला. त्याला तो आवडला. मग सगळ्यांचं एकमत झालं, की ह्याच्यात एनर्जी जास्त आहे, ह्याला दमवा. झालं! सकाळी नवरा त्याला कॉम्प्लेक्सला फेऱ्या मारवायचा, संध्याकाळी मी बागेत पळवायचे, जेवणानंतर पॅसेजमध्ये बॉल. आम्ही दोघं लोळागोळा होऊन पडायचो आणि तो डोळे लाल करून घरभर गरगर धावत पडद्याला लोंबकळायचा. जितकं पळवावं तितका जास्त चावायचा. माझे दोन्ही हात ओरखड्यांनी भरले होते, आणि तरी तो झोपला की त्याच्या पोटावर गाल ठेवून मी पडून राहायचे. तो मला हवाच होता.

एका सोमवारी नवरा घरून काम करत होता. परदेशातल्या साहेबांपुढे त्याचं मोठं प्रेझेंटेशन चालू असताना भोपळ्याने टेबलाखाली जाऊन इंटरनेटची वायर चावून तोडली. नवरा ओरडला नाही, म्हणून मी जास्त घाबरले. तो तुटलेली वायर हातात धरून म्हणाला, "बास. माझ्या मित्राचं कर्जतला फार्म आहे. तिथे ह्याला मोकळं रान मिळेल. तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण ह्याने माझी वाट लावलीय." मी रडले, भांडले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. शेवटी मी पार्ल्याला फोन लावला. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन हजर. तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "ठीक आहे. मावशी आहे तोवर राहील. ती जाताना म्हणाली सुधारला, तर कायमचा राहील. नाही म्हणाली, तर कर्जत. मग रडायचं नाही." मी हो म्हटलं. मावशीने जन्मात कुत्र्याला हात लावला नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

भोपळ्या आल्याआल्याच तिच्या पदराला लटकला. तिने त्याला पदर सोडायला न लावता दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडात बोट घातलं आणि हिरड्या चाचपल्या. नवरा दचकून म्हणाला, "अगं मावशी, चावेल!" ती हळूच म्हणाली, "केवढा आहे?" चारेक महिन्यांचा, मी म्हटलं. तेवढ्यात तिच्या पदरावर तांदळाएवढा दात पडला. तिने तो तळहातावर घेऊन आम्हाला दाखवला, आणि माझ्या लग्नातही तिच्या चेहऱ्यावर नव्हता इतका आनंद तेव्हा होता. "दुधाचे दात पडतायत गं याचे! हा चावत नाहीये, ह्याचं दुखतंय. आणि डोळे बघ, ह्याची झोप झालेली नाही. इतक्या लहान जिवाला पळवता काय गाढवांनो? बंड्याचंही हेच व्हायचं. त्याने माझ्या पलंगाची कड खाल्लीय, ती अजून तशीच आहे." नवऱ्याने विषय बदलला.

त्या दिवसापासून आमच्या घराचं पाळणाघर झालं. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून, त्यांना गाठी मारून, भिजवून फ्रीझरमध्ये ठेवल्या गेल्या. हिरड्या शिवशिवल्या की भोपळ्याला थंडगार गाठ मिळायची. गार गाजरं मिळायची. सोफ्याचा कोपरा तोंडात गेला की कुणी "नाही" ओरडायचं नाही. कोपरा सुटायचा आणि गाठ यायची. डायनिंग टेबलाला चादर लावून खाली त्याचं झोपायचं घर झालं. खेळून झालं की झोप, फिरून आलं की झोप, आणि तो झोपला की आम्ही कुजबुजायचं. झोपवण्यासाठी मावशी अंगाई म्हणत नाही, अंगाईने पोरं लाडावतात असं तिचं म्हणणं. ती एका सुरात पाढे म्हणते. बाराच्या पाढ्यापुढे टिकलेलं मूल तिने पाहिलेलं नाही. भोपळ्या अकराच्या पाढ्याला गेला. शेजारच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर असलेला नवरा त्याआधीच, नवाच्या पाढ्याला गेला, तो कुणीतरी फोन करून उठवेपर्यंत उठला नाही.

फेऱ्या बंद झाल्या. "पाय दमवून काय होणार? डोकं दमवा," म्हणत मावशीने जुन्या टॉवेलच्या घड्यांत आणि अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये भाकरीचे तुकडे लपवायला सुरुवात केली. ते हुंगून शोधण्यात भोपळ्याचा अर्धा तास जायचा आणि तो समाधानाने आडवा व्हायचा. फिरायला गेलं की त्याला हवा तो खांब हवा तितका वेळ हुंगू द्यायचा. वॉचमन म्हणायचा, "आजी, आज गेटपर्यंत तरी पोचणार का?" आणि भोपळ्या अंगावर उड्या मारू लागला, चावरे खेळ करू लागला, की सगळ्यांनी झाड व्हायचं: हाताची घडी, नजर छताकडे, हू की चू नाही. मजा गेली की पोर आपोआप खाली बसतं. एकदा कुरिअरवाला आला तेव्हा दार उघडंच होतं, आणि आम्ही तिघं हॉलमध्ये छताकडे बघत उभे. त्यानेही वर पाहिलं. "मॅडम, लीकेज आहे का?" भोपळ्या त्याच्याकडे झेपावला. मावशी पुटपुटली, "झाड व्हा." बिचारा पार्सल छातीशी धरून झाड झाला. भोपळ्याने चौघांना एकेकदा हुंगलं, बूड टेकलं, आणि मावशीने त्याला "शहाणा" म्हणून गाजर दिलं. कुरिअरवाल्यालाही दिलं.

नवे दात आले, टीपॉयचे उरलेले तीन पाय शाबूत राहिले, वायरीकडे तो बघेनासा झाला. मी प्रत्येक रविवारी मावशीच्या तोंडाकडे बघायचे. ती म्हणायची, "अजून कच्चा आहे." पुढच्या रविवारी पुन्हा, "अजून कच्चा आहे." एका दुपारी मी बघितलं, भोपळ्या गाढ झोपला होता आणि तरी ती त्याच्याजवळ जमिनीवर बसून पाढे म्हणत होती. मला एकदम सगळं कळलं. गुडघे गेले म्हणून पाळणाघर बंद करून तिला बराच काळ लोटला होता, आणि पार्ल्याच्या त्या खोल्यांत आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं. त्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं. नवऱ्याने तर शनिवारी विचारल्यासारखं करून स्वतःच उत्तर दिलं, "कच्चाच दिसतोय नाही का अजून?"

पण मावशी ती मावशी. त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "झाला तयार. मागेच झाला होता, मीच ठेवला होता मागे. चांगल्या पोराला कच्चं म्हणणं बरं नव्हे. बंड्या, हा इथेच राहील. मी आज निघते." मला आनंदाने ओरडायला हवं होतं. भोपळ्या माझा झाला होता, कायमचा! पण मी मावशीचा कप पुन्हा काठोकाठ भरला.

नवरा उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात त्याची कोरी करकरीत कोल्हापुरी चप्पल होती, भावाने आणलेली, अजून पायात न घातलेली. ती त्याने भोपळ्याच्या नाकासमोर ठेवली. "कसला तयार? बघ आत्ता काय करतो ते," तो म्हणाला. भोपळ्याने चप्पल हुंगली. मावशीकडे बघितलं. उठून आपली गाठ घेऊन आला आणि ती चावत बसला. नवऱ्याने पायाने चप्पल पुढे सरकवली. भोपळ्या बाजूला सरला. नवरा गुडघ्यांवर बसला, चप्पल त्याच्या तोंडाला लावली आणि हळू आवाजात म्हणाला, "खा रे. खा ना. एकदाच खा."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने चप्पल त्याच्या हातातून घेतली. पहिल्यांदाच असं झालं की तिने काही काढून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही. "तू जाऊ नको ना मावशी," तो म्हणाला. "येत जाईन रे," ती म्हणाली. "पण राहिले, तर तुम्ही मला सांभाळायला लागाल. ते मला जमायचं नाही."

संध्याकाळी नवरा तिला पार्ल्याला सोडायला गेला तो खूप उशिरा परतला. मी विचारलं, एवढा वेळ? "तिने कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि म्हणाली, जा आता," तो म्हणाला. "दार लावून घेतल्यावर मी बाहेर थांबलो थोडा वेळ. आत काही आवाजच नाही गं." मग तो जमिनीवर बसला, झोपलेल्या भोपळ्याला मांडीवर ओढून घेतलं, आणि आमच्या घरून निघताना मावशीने साधं वळूनही का बघितलं नाही, हे मलाच विचारत राहिला.