साबणवाल्या वहिनींची रजई

साबणवाल्या वहिनींच्या पलंगावर कुणीतरी झोपतं, ही बातमी आमच्या मजल्यावर इस्त्रीवाल्याने आणली. उशांचे अभ्रे द्यायला गेला, तर दार किलकिलं. पलंगावर भिंतीच्या बाजूला रजईखाली चांगला ऐसपैस उंचवटा, आणि वहिनी त्यावरून हात फिरवताहेत. याला बघून हळूच म्हणाल्या, "पलंगाला धक्का नका लावू."

नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, जाऊन वर्षही झालं नव्हतं. आता एवढं ऐकून जी जीभ गप्प बसेल ती जीभ कसली? माझ्यापर्यंत बातमी आली तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. चहा गाळेपर्यंत ती तळमजल्यावर पोचली होती.

भाऊजी बेकरीत भट्टीवर होते. रात्रपाळी करून पहाटे घरी यायचे ते अर्धी भट्टी अंगात घेऊनच. वहिनींचे पाय बारा महिने बर्फ. "पायांची सोय बघूनच मी यांना होकार दिला," असं त्या चारचौघींत सांगायच्या, आणि भाऊजी लाजून जिन्यातच घुटमळायचे. मग एका पहाटे ते बेकरीच्या दारातच कोसळले. घरी आणले ते गारच.

वहिनी साबण आधीपासून करायच्या. थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता. नाव तेवढं थंड. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला की विस्तवाशिवाय पातेलं चटका देतं. ते निवू द्यायचं, तेल कोमट करायचं, दोन्ही सारखीच कोमट झाली की एकत्र घोटायची. साबण दाटला की लाकडी पेटीत ओतून, झाकण लावून पांघरुणात गुंडाळायचा. मग तो आतल्या आत आपणहून तापतो. कमी तापला तर वर पांढरी भुकटी धरतो, फार तापला तर मधोमध तडकतो. वहिनींची पेटी ओट्यावर जुन्या स्वेटरांत गुंडाळलेली असायची, महिन्यातून एखादी. भाऊजी गेल्यावर मात्र त्या दिवसाआड साबण करू लागल्या. आमच्या कपाटांत साड्यांपेक्षा वड्या जास्त झाल्या. दुःखात माणूस काहीतरी चाळा लावून घेतो, असं आम्ही म्हणालो आणि फुकटच्या वड्या घेत राहिलो.

खोली होती थोरल्या नणंदेच्या नावावर. भावाला राहायला दिली होती, त्याच्यामागे वहिनींचा हक्क तेवढ्याच धाग्यावर. बातमी तिच्या कानावर गेली, म्हणजे वहिनींचं बिऱ्हाड गेलंच, हे सगळ्यांना कळलं. त्यांना दुसरीकडे जायला घर नव्हतं.

नणंद सकाळीच आली. मागे साक्षीला इस्त्रीवाला, त्याच्यामागे आम्ही, सहज आपलं. उंचवटा जागेवर होता. नणंद त्यालाच म्हणाली, "कोण आहात ते उठा. चपला घाला आणि निघा." कुणी उठेना, तेव्हा तिने रजई ओढली.

पेटी. साबणाची.

काय हसलो आम्ही! नणंद तर पदराने डोळे पुसत होती. इस्त्रीवाला कधी सटकला कळलंच नाही. वहिनींनी तेवढी रजई उचलून पेटीवर पुन्हा नीट घातली.

"अगं, पण पलंगावर कशाला?" नणंदेने विचारलं.

"ऊब लागते, वन्सं."

नणंद मनाची वाईट नाही. दुसऱ्याच दिवशी तिने आइस्क्रीमवाल्याकडून जाड थर्माकोलचा खोका आणून दिला. पेटी यात ठेवायची आणि खोका ओट्यावर. पलंगावर पुन्हा काही दिसता कामा नये. लोक पुन्हा बोलले तर खोलीला कुलूप लावीन, असंही सांगून गेली. अधूनमधून न कळवता यायची, आधी पलंग बघायची, मग पाणी मागायची.

खोक्यातला साबण असा उतरला की काय सांगू. एकसारखा, ना भुकटी ना तडा. कौतुक करायला मी गेले, तर वहिनी ओट्याशी स्टूल घेऊन बसलेल्या, तळवा खोक्यावर.

"हात लावून बघा, मावशी."

लावला. भिंतीसारखा गार.

"आत तापलाय चांगला," त्या म्हणाल्या. "बाहेर काहीच येत नाही."

मी म्हटलं, पण साबण किती छान होतोय.

"हो. साबण छान होतो."

तो त्यांचा शेवटचा घाणा. कॉस्टिकच्या डब्यात ओल शिरून त्याचं पाणी झालं. आम्ही दुकानातला साबण आणू लागलो. नणंद खूश आहे, मजल्यावर कुणी काही बोलत नाही. थंडीत वहिनी दोन मोजे चढवून पलंगाच्या कडेला झोपतात. भिंतीकडची बाजू रिकामी असते.

त्या पलंगावर दुसरं कुणीच झोपत नव्हतं. रजईखाली साबणाची पेटी असायची. ती पहाटेपर्यंत माणसाच्या अंगाइतकी गरम राहायची, आणि वहिनी तिला पाय लावून झोपायच्या.