कोहळ्याचा गर

फुटलेल्या कोहळ्याचा वास मला अजून सोसत नाही. कच्चा, पाणचट, त्यात कालवलेले कुंकू आणि ट्रकचा धूर.

हैदराबादेत, कुकटपल्लीच्या पलीकडे एका गोदामात मी मालाची खोकी मोजत असे. गेल्या दसऱ्याला धक्क्याच्या कडेवर, जिथे ट्रक येऊन टेकतात तिथेच, कोहळा फोडला. गर पसरलेला. मी झाडू उचलला, तर मॅनेजर म्हणाले, "दृष्ट काढलीय. आज तिथं झाडू लागायचा नाही."

दुपारी माल आला. मोजता मोजता मी एक पाऊल मागे सरले आणि गरावरून पाय सटकला. कपाळ कडेच्या लोखंडावर आपटले, मग चार फूट खाली काँक्रीट. उजवे मनगट मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला. वेदना नंतर आली.

मॅनेजर माझ्यावर वाकले. भोवती सगळे तेलुगू, दखनी बोलणारे. म्हणून हलक्या आवाजात, फक्त आम्हा दोघांनाच कळणाऱ्या मराठीत, ते म्हणाले, "पूजेच्या जागी तुम्हा लोकांचा पाय पडला. दुसरं काय होणार?"

आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते. गावही.

मग धक्का धुतला गेला. गरासाठी वर्ज्य असलेला झाडू माझ्या रक्तासाठी निघाला. पाइप निघाला, फिनेल निघाले. मी भिंतीला टेकून ते पाणी वाहताना पाहिले. मला लाज वाटली. माझीच. आज त्या लाजेचा संताप येतो.

आठ दिवसांनी मॅनेजरांनी अपघाताचा फॉर्म समोर ठेवला. कारण आधीच भरलेले: कामगाराचा निष्काळजीपणा.

"अंगठा लाव. सोमवारपासून ये. नाहीतर येऊच नकोस."

"मला लिहिता येतं."

"कशानं? हात तर मोडलाय," ते हसले.

"डावा आहे."

मी ती ओळ खोडली. प्लास्टरमधल्या हाताने कागद दाबता येईना. त्या दिवशी माझ्याजवळच खोकी उतरवत असलेल्या यादम्माने तो तळव्याखाली धरला. अक्षरे वाकडी आली, पण आली. गरावरून घसरले. झाडायला मनाई होती. रक्त लगेच धुतले. आणि त्यांचे ते वाक्य, मराठीतच, जसेच्या तसे.

"साक्षीला कोण येणार तुझ्या?"

काम गेले, हे मला कळले होते. हा कागद मी कामगार कार्यालयात नेणार, हे त्याआधीच ठरले होते. साक्षीदाराची चौकट रिकामी ठेवून मी उठू लागले. दुसऱ्या कुणाची रोजी मला यात ओढायची नव्हती.

यादम्माने तळवा उचलला नाही. दुसऱ्या हाताचे बोट तिने त्या चौकटीवर ठेवले.

"मेरा नाम लिख."