जिभेच्या टोकावरची माती

आमच्या ह्यांच्या छातीत दुसऱ्या कुणाचं तरी हृदय बसवून सात महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. कुणाचं, ते कधी कळलं नाही. हे दिवसभर आमच्या रोपवाटिकेतल्या काचघराबाहेर खुर्ची टाकून बसायचे, अर्धे जागे, अर्धे कुठेतरी लांब. एकदा म्हणाले, "अगं, आधी मी दचकतो, आणि मग सावकाश हे नवं हृदय दचकतं." मी म्हटलं, "चला, तुमच्यात एक तरी शांत स्वभावाचं आलं, नशीब माझं!"

तीस वर्षं रोपवाटिका चालवलेला माणूस. माती चिमटीत घ्यायची, जिभेच्या टोकावर ठेवायची, डोळे मिटायचे, आणि थुंकून सांगायचं, "आंबट आहे, चुना मागतेय." माती तपासायचं यंत्र आणू या म्हटलं की हसण्यावारी न्यायचे. पण ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "शरीरानं नवं हृदय परकं म्हणून हाकलू नये, म्हणून आम्ही गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवलीय. मांजरांच्या विष्ठेतून मातीत सूक्ष्म परजीवी जातात. तुमचं-आमचं सहसा काही बिघडत नाही, पण ह्यांच्या हृदयात ते घर करतील. मातीला हात लावायचा नाही." झालं! मी काचघराला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. मांजरं हाकलताना माझा आवाज चौकापर्यंत जायचा.

आता रोपवाटिका माझ्याच गळ्यात. टोमॅटोची रोपं पिवळी पडायला लागली. पाणी कमी केलं, खत घातलं, काही उपयोग नाही. एका सकाळी काचघरात रोपांच्या ट्रेपाशी बसून मी चक्क रडले. काचेवर ओल साचली होती, आणि पलीकडे हे उभे होते, पाण्याखाली उभं राहिल्यासारखे धूसर. मी डोळे पुसले आणि घरात फोन वाजला म्हणून धावले.

दोनेक आठवड्यांनी ह्यांना ताप भरला, धाप लागायला लागली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मातीत हात घातला होता?"

"नाही," हे म्हणाले.

आणि मी अतिशहाणी! "अहो, किल्ली माझ्याकडे असते!"

"मग शरीर हृदय नाकारतंय असं दिसतंय. हृदयाचा बारीक तुकडा तपासायला घेतलाय. पण निकालाला वेळ लागेल, तोवर प्रतिकारशक्ती आणखी दाबणारं इंजेक्शन आजच देऊ."

दुपारी खोलीत पडद्यातून पिवळसर उजेड येत होता. हे तापात रोपांशी बोलत होते, एकेकाला गोंजारत, लाडानं. नर्सताई सलाईनमध्ये इंजेक्शन भरायला आल्या. तेवढ्यात ह्यांची जीभ ओठांवर आली, डोळे मिटलेलेच. "आंबट आहे गं... मूठभर चुना टाक... जगतील, रडू नकोस."

मी नर्सताईंचा हातच धरला. "थांबा! ह्यांनी माती चाखलीय हो!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. इंजेक्शन थांबलं. तुकड्यात परजीवी शोधायला सांगितलं, आणि ते सापडले. "हे इंजेक्शन दिलं असतं तर परजीवींना रान मोकळं झालं असतं," त्या म्हणाल्या.

त्या परजीवींवरच्या गोळ्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी हे उशीला टेकून बसले, तशी माझी तोफ सुटली. "जीव गेला असता ना! आणि वर खोटं बोललात? मला तरी सांगायचंत!"

हे हळूच म्हणाले, "त्या सकाळी फोन घ्यायला धावलीस, तेव्हा काचघराचं दार तू उघडं टाकून गेली होतीस. मी खरं सांगितलं असतं, तर जन्मभर तू स्वतःला बोल लावत बसली असतीस."

त्यांच्या हातावर डोकं टेकून मी रडायला लागले.

"आता रडू नकोस बाई," हे म्हणाले, "परत मला राहवायचं नाही."