डाळ शिजवणारं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी शाळकरी होतो आणि सगळं गाव सायकलवर फिरायचं. पुढे विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात शिकवायला लागलो, तोवर लोक गल्लीच्या टोकाला दूध आणायलाही गाडीला किक मारू लागले होते. 'सायकलवर या' ही मोहीम माझ्या गळ्यात पडली. भाषणं दिली, फलक लावले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग दुष्काळात एकाएकी सायकल स्टँड भरायला लागला. मी खूश. पण मला नसत्या चौकशांची खोड. प्रत्येक सायकलीला रिकामे कॅन कशाला, म्हणून तास सुटल्यावर पोरांच्या मागे गेलो. सगळी रांग आमच्या केंद्राच्या बोअरच्या नळावर. भाषणांचा तोरा तिथंच उतरला.

रांगेत रेणापूरकडच्या एका वाडीतली, एम.ए.ला असलेली मुलगी होती. एवढं ओझं रोज नेतेस का, विचारलं.

"आजा म्हनला, पाण्याला मानूस पायजे, कॉलेज बंद कर. मी म्हनलं, येताना पाणीच आणते. तवा कुठं व्हय म्हनला, सर."

पुढच्या पावसाळ्यात विहिरी भरल्या. कॅन गेले, त्यांच्यासंगं सायकलीही गेल्या. मोहीम बुडाली याचं मला फारसं वाटलं नाही. धास्ती होती ती या पोरीची. आता आजोबा तिला कशाला पाठवतील?

पण ती आली. सायकलीला कॅन तसेच.

"विहीर भरली असेल की आता," मी म्हटलं.

"भरलीय. पण आई म्हनती, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. इथलंच लागतंय."

जड पाण्यात डाळ शिजत नाही हे खरंच आहे. तरी मला राहवेना. आमच्या बोअरचं पाणी घरी नेलं आणि त्यात तूरडाळ लावली. कितीही उकळली तरी दाणा मोडेना. बायको वैतागली. "कुठून आणलंत हे पाणी? सोडा टाकल्याशिवाय हे वरण व्हायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नळावर मी त्या मुलीला एवढंच विचारलं, "तुझी आई डाळीत सोडा टाकते का गं?"

तिने कॅनचं झाकण घट्ट केलं, दोरी आवळली आणि मग हळूच म्हणाली, "आज्याला सांगू नका, सर."