लीलाताईंची दरखास्त

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आपल्यापासून घरात काही लपत नाही, असा तिचा समज आहे.

मी पुण्यात एका वकिलांकडे कारकून होतो, तीस वर्षं. माझं अक्षर सुरेख, कागद चोख, असं कोर्टातले लोक म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. फारच.

लीलाताई आमच्या पक्षकार. नवरा गेल्यावर दिरानं त्यांना बुधवार पेठेतल्या त्यांच्याच खोलीतून बाहेर काढलं. त्या खडकीला बहिणीकडे राहायच्या, स्वयंपाकघरात झोपायच्या. खटला त्या जिंकल्या, पेढेही वाटले. पण निकाल लागला म्हणून खोली आपोआप हातात येते का? ताब्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो — दरखास्त. बारा वर्षांत ती केली नाही, तर निकाल नुसता कागद उरतो. हे मला पाठ होतं हो!

मी त्यांची सही घेतली, निकालाची नक्कल काढली, आणि सगळं दुसऱ्याच फायलीत गेलं. दरखास्त राहूनच गेली. ताईंनी विचारलं तेव्हा न बघताच म्हणालो, "केली की. तारीख पडेल."

दोन वर्षांनी ते कागद सापडले. अजून दहा वर्षं हातात होती — त्याच दुपारी दाखल करता आली असती. पण मग वकीलसाहेबांना सांगावं लागलं असतं, ताईंनाही. मी फाईल कपाटाच्या तळाशी सरकवली. मग खोट्या तारखा देत राहिलो. "साहेब रजेवर आहेत." "कोर्टाचं असंच असतं." हे वाक्य कुणालाही पटतं. उद्या करू, असं रोज वाटायचं — की नव्हतं वाटत? नव्हतं. त्या कंटाळून यायच्या थांबतील, याची मी वाट बघत होतो.

त्या थांबल्या नाहीत. बारा वर्षं उलटल्यावर मी सांगितलं, "अर्ज नामंजूर झाला." त्या बाकावर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. मी पंख्याकडे बघत होतो.

लीलाताई आता सत्तरीच्या आहेत, अजून बहिणीकडेच. परवा खडकी बाजारात भेटल्या. सोबतच्या बाईंना म्हणाल्या, "हेच ते भाऊ. कोर्टानं न्याय दिला नाही, पण यांनी काही कमी केलं नाही."

मी नमस्कार केला. कोर्टानं न्याय दिला होता.