कोल्ह्यांनी बाटवलेलं पाणी

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नजर, उतारे हे सगळं सासूबाईंचं खातं. तरी लिहितेय, कारण हे मनात साचून साचून आता कडू झालंय.

खारघरला डोंगराच्या पायथ्याशी आमचं रो-हाऊस. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, पॅरालिसिसचा अटॅक आला. पाण्यात व्यायाम केले तर पुन्हा चालू शकेल, असं फिजिओथेरपिस्ट म्हणाली. म्हणून मागच्या अंगणात छोटा स्विमिंग पूल बांधला.

आणि कोल्हे यायला लागले... सकाळी बघावं तर पाण्यात विष्ठा, केस. मिलिंदच्या पाठीला झोपून झोपून जखमा झालेल्या, असल्या पाण्यात उतरवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग पूल रिकामा करा, घासा, क्लोरीन टाका, पुन्हा भरा! कारणही सापडलं. सासूबाई दर अमावास्येला लेकावरून दहीभात ओवाळून मागच्या भिंतीशी ठेवायच्या. नजर उतरायची राहिली बाजूला, कोल्ह्यांची आयती सोय झाली. भांडून ते बंद केलं. भिंतीवर जाळी लावली, पुलावर ताडपत्री बांधली.

घाण काही थांबेना. मग हळूहळू एक लक्षात आलं — पुतणे पोहायला आले की पाणी स्वच्छ असायचं. मिलिंदला उतरवायचं ठरलं की घाण. योगायोग म्हणाल... मीही तेच म्हणत होते.

म्हणून एका सकाळी कुणाला न सांगता, चहा झाल्यावर त्याची व्हीलचेअर थेट पुलाशी नेली. ताडपत्री काढली. पाणी नितळ होतं, दोघांनीही पाहिलं. किती दिवसांनी हसला तो! मी टॉवेल आणायला आत गेले आणि परत आले तर... पाण्यावर ताजी घाण तरंगत होती.

"कोल्हा आला होता?"

"नाही," तो म्हणाला. "मी पाण्याकडेच बघत होतो. कोणीच आलं नाही... चल आत. मला नाही उतरायचं आता."

पुन्हा त्याने पुलाचं नाव काढलं नाही. पुढच्या वर्षी अंथरुणातच गेला. आता ताडपत्री नसते, तरी पाण्यात एक केस सापडत नाही.

सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पत्रिकेत त्याला पाण्यापासून घात होता. मुक्या जनावरांनी वाचवलं माझ्या लेकाला." लोकही माना डोलावतात.

वाचवलं म्हणे! जे घडलं ते का घडलं, मला अजून कळलेलं नाही. पण बुडून गेला असता ना, तरी निदान एकदा त्या पाण्यात स्वतःच्या पायांवर उभा राहिला असता माझा नवरा.