सर्जाचं पथ्य

आमच्याकडे चहाला आलेलं माणूस उठता उठता हमखास म्हणतं, "वहिनी, सर्जाचं अजून एक सांगा ना!" घरात पैसा साठत नाही, किस्से मात्र झाडून काढले तरी कोपऱ्यात साठतातच. आणि हे सगळे एका ओंजळीएवढ्या जनावराचे!

सर्जा म्हणजे गिनीपिग. माझ्या लेकीने, ओवीने, हट्टाने आणला आणि स्वतः हॉस्टेलवर निघून गेली. तो आला अण्णांच्या वाट्याला. अण्णा म्हणजे माझे सासरे. सारा जन्म झरीच्या शेतात गेला. गुडघे थकल्यावर आपला लाडका बैल सोनपेठच्या पाहुण्यांना दिला आणि आमच्याकडे परभणीला राहायला आले. त्या बैलाचं नाव सर्जा.

ओवीने गिनीपिगचं नाव ठेवलं होतं कुकी. अण्णा म्हणाले, "कुकी? हे काय जनावराचं नाव हाय का? चारचौघांत हाक मारायला लाज वाटंल!"

* * *

अण्णांचा एकच कायदा: दावणीचं जनावर उपाशी राहू नये. भाकरी झाली, गूळ झाला, चहात बुडवलेलं बिस्कीटही झालं. सर्जा टम्म फुगला आणि एक दिवस त्याने खाणंच सोडलं. अण्णांच्याही घशाखाली घास उतरेना.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्यापुढे म्हशी, मागे शेळ्या. कंपाउंडरने पुकारा केला, "सर्जा! कासरा घट धरून आत घ्या!" लोक बिचारे भिंतीला चिकटले. अण्णांनी पिशवीत हात घातला आणि सर्जाला टेबलावर ठेवलं!

डॉक्टर मॅडमनी तपासलं, औषध दिलं आणि दम भरला. "पोटभर वाळलेलं गवत, रोज ढोबळी मिरची, थोडी कोथिंबीर. भाकरी, बिस्कीट, गोडधोड एकदम बंद. पुन्हा असं झालं तर हा वाचायचा नाही."

अण्णा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माझी शुगर ह्या बाईला कुणी सांगितली?"

* * *

दोन-तीन दिवसांत सर्जा गवत कुरतडायला लागला आणि अण्णांना हुरूप आला. परभणीतलं गवत त्यांच्या पसंतीला उतरेना. झरीला जाऊन टेम्पोतून गवताचे भारे घेऊन आले! मऊ गवत निवडून गच्चीवर गंज रचली, वर ताडपत्री घातली.

संध्याकाळी शेजारच्या रझियाभाभी किटली घेऊन दारात. "अण्णा, रतीब लावायचाय. लिटर कसं देता?"

* * *

अण्णांना स्वतःचं पथ्य मात्र अजिबात मान्य नव्हतं. "इतकी वर्षं खाल्लं, आताच काय धाड भरली?" मी पेढ्याचा डबा फ्रिजमध्ये भाज्यांच्या मागे लपवायचे, आणि तरीही डबा हलका होत जायचा.

आता सर्जाला कळलं होतं की मिरची-कोथिंबीर फ्रिजमधून येते. फ्रिजचं दार जरा करकरलं, की पठ्ठ्या शिट्ट्या मारून घर डोक्यावर घ्यायचा. एका दुपारी सगळे आडवे झालेले, आणि शिट्टी सुरू! धावत गेले तर अण्णा फ्रिजपुढे उभे, गाल फुगलेला.

पेढा गिळून म्हणाले, "आपलाच बैल, अन् आपल्याच विरोधात साक्ष द्यायलाय!"

हसले खरी, पण त्यांची शुगर वाढतच चालली होती आणि समजावून आम्ही थकलो होतो.

* * *

मग आला पोळा. आदल्या संध्याकाळी अण्णांनी सर्जाच्या खांद्याला हळदीचं बोट लावलं आणि बैलाला देतात तसं रीतसर आमंत्रण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मला धडकी भरली, कारण जेवायला म्हणजे पुरणपोळी! आधी बैलाला घास द्यायचा आणि मगच धन्याने जेवायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. अण्णांसाठीही एक पोळी मीच कबूल केली होती. वर्षाच्या सणाला एवढं तरी, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ओवाळलं, पोळीचा तुकडा मोडला आणि सर्जापुढे धरला. सर्जाने मान उंचावून तोंड पुढे केलं. मी "अण्णा!" म्हणेपर्यंत त्यांचा हात आपोआप थांबला. त्यांनी तुकडा ताटात परत ठेवला आणि मिरचीची फोड पुढे केली. सर्जाने कुरूमकुरूम करून ती संपवली.

मी अण्णांचं पान वाढलं. पोळी, वर तुपाची धार. अण्णा पाटावर बसले, हात जोडले आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"सूनबाई, ही पोळी उचल."

"अहो अण्णा, एक चालते! मीच म्हणाले होते ना?"

"बैलानं खाल्लं न्हाई ते धन्यानं कसं खायाचं?" अण्णा म्हणाले. "ती मिरची उरली हाय का बघ."